मानमोडी आणि पेजेची वाटी

१९१८ साली ज्या तापाने महाराष्ट्रातली गावेच्या गावे अंथरुणाला खिळवली, त्याला अनेक भागांत लोक मानमोडी म्हणत. या शब्दात रोगाचे कारण नाही, खोकला नाही, तापसुद्धा नाही. आहे ती फक्त त्याची गती. सकाळी शेतावर गेलेला माणूस दुपारी अंग मोडून आले म्हणून बांधावर बसतो, दिवेलागणीला त्याला हुडहुडी भरते आणि रात्री मान उचलवत नाही. सरकारी कागदांतला इन्फ्लुएंझा हा शब्द तरी कुठे फार पुढे गेला होता? तो मूळचा इटालियन, त्याचा अर्थ प्रभाव, आणि तो प्रभाव ग्रहताऱ्यांचा. आपल्याकडे ग्रहदशा म्हणतात त्याच घरातला हा शब्द. डॉक्टरांची समजूतही चाचपडतच होती. जर्मन शास्त्रज्ञ फायफर यांनी १८९२ मध्ये वर्णन केलेला एक जंतू बहुतेकांना दोषी वाटे, पण तो निर्दोष होता. खरा विषाणू माणसातून वेगळा काढता आला तो थेट १९३३ मध्ये, लंडनमध्ये. म्हणजे मानमोडीच्या वर्षी वैद्य, डॉक्टर, हकीम यांपैकी कोणाकडेही या तापावर मारा करणारे औषध नव्हते. जे वाचले ते आपल्या अंगच्या प्रतिकाराने आणि घरात झालेल्या शुश्रूषेने वाचले. म्हणूनच कोल्हापूरच्या घरांत अशा तापात जे केले जाई, ते अडाणीपणा म्हणून झटकणे चूक, आणि आजीबाईचा बटवा म्हणून डोक्यावर घेऊन नाचणेही चूक. त्यात गुण नेमका कशाचा होता ते तपासायला हवे. माझे म्हणणे असे, की तो गुण काढ्याचा कमी आणि उशापाशी बसलेल्या माणसाचा जास्त होता. मानमोडीने हे फार क्रूरपणे सिद्ध केले, कारण तिने आजाऱ्याबरोबर शुश्रूषा करणारालाही पाडले.

कोल्हापूरला साथ नवी नव्हती. १८९६ मध्ये मुंबईत उतरलेला प्लेग पुढच्या दोन-तीन वर्षांत करवीर संस्थानात पोहोचला आणि वर्षानुवर्षे परत परत येत राहिला. शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले होते. त्यांच्या राज्यकारभाराची पहिली मोठी कसोटी दुष्काळ आणि प्लेग हीच होती. वस्ती रिकामी करणे, माळावर झोपड्या घालून राहणे, टोचून घेणे, ही प्लेगने घालून दिलेली शिस्त लोकांच्या अंगवळणी पडली. उंदीर पडला की घर सोडायचे, हे पोरासोरांनाही ठाऊक झाले. ती शिस्त योग्यच होती, कारण प्लेग घरात राहतो. तो उंदरांत आणि त्यांच्या पिसवांत असतो आणि घर सोडले की त्याचा पाठलाग तुटतो. पण या वीस वर्षांच्या अनुभवाने १९१८ साठी काही उपयोगाचे शिकवले नाही. इन्फ्लुएंझा श्वासातून जातो. तो घरात राहत नाही, माणसाबरोबर चालतो. माळावरच्या झोपडीत तो माणसाच्या आधी नाही, तर माणसाच्या छातीतूनच पोहोचतो. १८९१ पासून कोल्हापूर मिरजेमार्गे रेल्वेने जोडलेले होते, आणि मुंबईत गिरणी, गोदी, पलटण यांत पोट भरणारी माणसे दुखणे आले की गावाकडची गाडी धरत. प्लेगमध्ये शहाणपणाची ठरलेली ही हालचाल मानमोडीत रोगाला खांद्यावर घेऊन गावात आणणारी ठरली. लोकांची चूक झाली असे मी म्हणणार नाही. आजारी माणूस घराकडे धावतो, कारण त्याला पाणी देणारे माणूस तिथेच असते.

साथीचा क्रम मुंबईच्या नोंदींवरून चांगला कळतो. जून १९१८ मध्ये गोदीवर पहाऱ्याला असलेले काही शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. ती पहिली लाट त्या मानाने सौम्य होती. त्याच महिन्यात कोल्हापूरवर वेगळेच दुःख कोसळले होते: १२ जूनला शाहू महाराजांचे धाकटे पुत्र शिवाजी यांचा शिकारीतल्या अपघातात अंत झाला. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली ती मारेकरी होती. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात ७६८ माणसे गेली. नवरात्र नुकते बसले होते. त्यावर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, खरीप करपले होते आणि महायुद्धामुळे धान्य, कापड, रॉकेल सगळेच महागले होते. संपूर्ण हिंदुस्थानात या तापाने किती माणसे नेली याचा पहिला सरकारी अंदाज साठ लाखांच्या आसपासचा; पुढे १९५१ मध्ये लोकसंख्याशास्त्रज्ञ किंग्जली डेव्हिस यांनी तो जवळजवळ एक कोटी पंच्याऐंशी लाखांवर नेला. इतकी तफावत पडण्याचे एक कारण आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. गावात मृत्यूची नोंद करणारा पाटील वैद्य नसे. त्याच्या वहीत देवी होती, पटकी होती, प्लेग होता, आणि उरलेल्या बहुतेक सगळ्यांसाठी एकच रकाना होता: ताप. मानमोडीचे मृत्यू हिवतापाच्या, विषमज्वराच्या मृत्यूंबरोबर त्याच रकान्यात पडले. कोल्हापूर संस्थानापुरते बोलायचे तर शिरगणती पुरेशी बोलकी आहे. १९०१ मध्ये संस्थानची लोकसंख्या सुमारे नऊ लाख दहा हजार होती; प्लेगच्या दशकानंतर, १९११ मध्ये, ती सुमारे आठ लाख तेहतीस हजारांवर उतरली; आणि १९२१ मध्ये जवळजवळ तिथेच होती. दहा वर्षांत जन्मलेली सगळी वाढ कुठेतरी खर्ची पडली होती. तिचा सगळा दोष एका तापावर टाकता येणार नाही, पण देशाचीही लोकसंख्या ज्या एकाच दशकात वाढण्याऐवजी किंचित घटली, ते हेच दशक.

आता मूळ प्रश्न. एकच विषाणू, एकच महिना, मग कोणी चार दिवसांत उठून बसला आणि कोणी सातव्या दिवशी गेला, असे का? मुंबई शहराच्या नोंदी जातीधर्मवार ठेवलेल्या होत्या, आणि त्या आजही वाचताना पोटात गोळा येतो. दर हजारी युरोपियन ८.३ मेले, पारशी ९. सवर्ण हिंदू १८.९, आणि ज्यांना त्या कागदांत खालच्या जातीचे हिंदू म्हटले आहे, ते ६१.६. शहर एक, हवा एक, साथ एक, आणि मरणात सातपट अंतर. यावर आक्षेप येईल की चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे राहत, म्हणून त्यांना लागणच जास्त झाली. याचा शुश्रूषेशी संबंध काय? आक्षेप रास्त आहे, आणि दाटीचा वाटा नाकारता येत नाही. पण सैन्याचे आकडे पाहावेत. बराकीत गोरा आणि हिंदी दोघेही दाटीनेच राहत होते, दोघेही तरुण, दोघांनाही लष्करी इस्पितळ होते. लागण झालेल्या गोऱ्या सैनिकांत शंभरामागे दहाच्या आत मेले, हिंदी सैनिकांत त्याच्या दुपटीहून अधिक. म्हणजे रोग होण्यात जितके अंतर होते, त्याहून वेगळे एक अंतर रोग झाल्यानंतर पडत होते: आधीचे खाणे कसे होते, अंथरूण किती लवकर धरले, अंगावर पांघरूण होते का, दर तासाला कोणी विचारायला येत होते का. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी त्याच १९१८ मध्ये महारवतन रद्द करण्याचा निर्णय घेतला, तिथे हा मुद्दा नुसता वैद्यकाचा राहत नाही. गावकीच्या कामाला कोणत्याही वेळी धावावे लागणाऱ्या माणसाला ताप आला म्हणून तीन दिवस पडून राहण्याचा हक्क नव्हता. विश्रांती हे औषध आहे हे सगळ्यांना माहीत असते. ते घेण्याची ऐपत सगळ्यांची नसते.

दुसरा आक्षेप खास कोल्हापूरचा म्हणता येईल. हे तालमींचे गाव. खासबागेचे मैदान १९१२ च्या सुमारास उभे राहिले, महाराजांनी देशभरातले मल्ल पदरी ठेवले, आणि दूध, तूप, बदाम, थंडाई यांनी कमावलेल्या देहावर इथल्या माणसांची श्रद्धा आहे. कस असलेल्या शरीराला पडसेताप काय करणार, ही भावना आजही ऐकू येते. मानमोडीने या भावनेला फार वाईट उत्तर दिले. नेहमीचा फ्ल्यू म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना नेतो. १९१८ च्या साथीत वीस ते चाळीस वयाची, ऐन भरातली माणसे सर्वांत जास्त गेली. याचे कारण अजून वादात आहे. धडधाकट शरीराचा प्रतिकारच इतका उसळला की त्यात फुप्फुसे भरून आली, असे एक मत. वयस्कर पिढीला तरुणपणी एखाद्या जवळच्या विषाणूची ओळख झालेली असावी, असे दुसरे. दोन्हींत तथ्य असू शकते. आपल्याला महत्त्वाचे एवढेच, की ताकद हे अभयपत्र नव्हते, आणि दोन दिवसांत ताप उतरला म्हणून नांगराला किंवा आखाड्यात परत गेलेला गडी धोक्यात होता. मृत्यू बहुधा पहिल्या तापाने होत नसत. थोडे बरे वाटे, ताप कमी होई, आणि मग तो पुन्हा चढे, धाप लागे, छातीत कळ येई. फुप्फुसदाह झालेला असे. पेनिसिलिनचा शोधच १९२८ चा, त्यामुळे तिथून परत आणणारे काही नव्हते.

या सगळ्यात सर्वांत मोठी किंमत बायकांनी मोजली. हिंदुस्थानात या साथीत पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त मेल्या, आणि तरुण वयोगटात हा फरक ठळक होता. त्या काळच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्याही हे नजरेस आले, आणि त्यांना दिसलेले कारण घरातलेच होते: आजाऱ्यांचे सगळे करणारी बाई स्वतः आजारी असताना पडून राहू शकत नव्हती. गरोदर बाईला तर हा ताप अधिकच घातक. नवऱ्याला पेज, सासूला काढा, पोराच्या कपाळावर ओल्या पट्ट्या, आडावरून पाणी, चुलीला जळण, आणि या सगळ्यात स्वतःच्या अंगात ताप. घरगुती उपचारांचे गोडवे गाताना आपण घर हा शब्द फार सैल वापरतो. त्या घरात उपचार करणारे दोनच हात होते, आणि ते पडले की आजीबाईचा बटवा कोनाड्यात ठेवला काय नि माळ्यावर ठेवला काय, सारखेच. कोल्हापुरात त्या काळी आल्बर्ट एडवर्ड इस्पितळ होते, आज आपण ज्याला सीपीआर म्हणून ओळखतो ते, तिथे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांच्यासारखी उच्चशिक्षित स्त्री डॉक्टर होती, आणि त्या काळात किती मोठ्या शहरांना असे भाग्य लाभले होते? पण भुदरगडच्या, शाहूवाडीच्या खोऱ्यातल्या बाईपर्यंत एक इस्पितळ कसे पोहोचणार? मुंबईत ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक वस्त्यांत फिरून मदत करत होते, आणि मला त्या कामाचे मोल औषधांच्या बाटल्यांपेक्षा जास्त वाटते. बाहेरचे एक निरोगी माणूस दाराशी येणे, हाच त्या साथीतला उतारा होता.

मग काढ्याचे काय? सुंठ, तुळस, गवती चहा, मिरे, गुळवेल, पारिजातकाची पाने, वर कोल्हापुरी गुळाचा खडा: अशा काढ्याने ताप गेला हे सांगणारी माणसे खोटे बोलत नाहीत. ताप गेलाच होता. फक्त साधा फ्ल्यू तीन ते पाच दिवसांत आपोआप उतरतो, आणि काढा नेमका त्याच दिवसांत घेतला जातो. हीच फसगत इंग्रजी औषधांचीही झाली. पोस्टातून स्वस्तात मिळणारी क्विनीनची पुडी हिवतापावर अक्सीर होती, म्हणून मानमोडीतही ती घेतली गेली. तिचा तिथे काही उपयोग नव्हता, पण बऱ्या झालेल्यांनी तिला श्रेय दिले. तरीही काढ्याला मी निरुपयोगी म्हणणार नाही. त्याने दर दोन तासांनी पेलाभर ऊन पाणी पोटात जाते. तोंडाची चव गेलेला, पाणीसुद्धा नको म्हणणारा माणूस आल्याच्या आणि गुळाच्या निमित्ताने चार घोट घेतो, आणि घाम येऊन गेलेल्या शरीराला तेवढेच हवे असते. भाताची पेज, मुगाचे कढण, नाचणीची आंबील, मटण शिजणाऱ्या घरात तिखट न घातलेली अळणी: ही सगळी पचायला हलकी, मिठाची, पातळ अन्ने आहेत, आणि आजचा डॉक्टरही याहून वेगळे सांगत नाही. मीठपाण्याच्या गुळण्यांनी घसा निवतो, मधाने खोकल्याची ढास कमी होते, मात्र वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नये. वाफेने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण उकळत्या पातेल्यावर मुलाला वाकवणे धोक्याचे आहे. लंघनाबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. भूक मेलेली असताना जबरदस्तीने भाकरी भरवू नये, इतका त्याचा अर्थ शहाणपणाचा. पण १९१८ सारख्या वर्षी, जेव्हा साथीच्या आधीच घरात ज्वारी संपलेली होती, तेव्हा उपाशी शरीराला आणखी उपाशी ठेवणे हे शास्त्र होऊ शकत नाही. ज्यांनी लंघन सांगितले त्यांच्या डोळ्यांसमोर पोटभर जेवणारा रोगी होता.

जुन्या घरगुती ज्ञानाची खरी उणीव औषधात नव्हती; ती नावात होती. पाटलाच्या वहीत जसा एकच रकाना, तसाच घरातही एकच शब्द: ताप आला, साथ आली. आज पावसाळ्यात कोल्हापूर परिसरात एकाएकी अंगदुखीसकट चढलेला ताप फ्ल्यूचा असू शकतो, डेंग्यूचा, चिकुनगुनियाचा, हिवतापाचा, किंवा भातखाचरात चिखलणी केलेल्या आणि पुराच्या पाण्यातून चाललेल्या माणसाचा लेप्टोस्पायरोसिसही. घाट उतरून सिंधुदुर्गात गेले की दोडामार्गकडे माकडतापही आहे. पहिल्या दिवशी यांतले काहीही दुसऱ्यासारखेच दिसते. फ्ल्यूत खोकला, घसा, नाक यांचा त्रास बहुधा लवकर दिसतो. डेंग्यूत डोळ्यांच्या मागे दुखते, अंगावर पुरळ येते. लेप्टोत पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात, पुढे कावीळ आणि लघवी कमी होणे. पण ही लक्षणे पाठ करून घरी निदान करता येते असे समजणे घातक. विशेषतः डेंग्यूत ताप उतरतो त्याच सुमाराला धोका सुरू होतो, म्हणजे घरातले सगळे सुटकेचा श्वास टाकत असतात तेव्हा. त्यात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी रक्तस्राव वाढवू शकते. तापाला पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेतच, एवढेच घरच्या हातात ठेवावे. आषाढात पंचगंगेचे नवे पाणी कलशात भरून, पी ढबाकच्या गजरात, गल्लीगल्लीतल्या बाया टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोली देवीला वाहायला जातात. रोगराई दूर राहो ही त्यामागची भावना आहे. मला त्या यात्रेत एक जुनी, अचूक नोंद दिसते: नदीला नवे पाणी आले की तापांचा हंगाम सुरू होतो, हे या शहराने पंचांगात बसवून ठेवले आहे. हंगाम ओळखला होता. त्या हंगामातले वेगवेगळे ताप ओळखण्याचे साधन मात्र नव्हते.

कोणी म्हणेल, आता चाचणी आहे, लस आहे, फ्ल्यूवर ऑसेल्टामिव्हिरसारखी गोळी आहे, मग उशापाशी बसण्याचे इतके महत्त्व कशाला? २००९ मध्ये स्वाइन फ्ल्यूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा हे औषध उपलब्ध होते. पण ते लवकर, शक्यतो पहिल्या दोन दिवसांत, सुरू केले तरच नीट उपयोगी पडते; आणि रोगी बिघडतो आहे हे पहिल्या दोन दिवसांत दिसते ते घरातल्या माणसाला, प्रयोगशाळेला नव्हे. बोलताना धाप लागते आहे, ओठ निळसर दिसतात, माणूस असंबद्ध बोलू लागला, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, मूल दूध ओढेनासे झाले, उतरलेला ताप पुन्हा चढला: ही सगळी निरीक्षणे पेजेची वाटी घेऊन जवळ बसलेल्या माणसाची आहेत. गरोदर बाई, दमेकरी, मधुमेही आणि वृद्ध यांच्या बाबतीत तर इतकी वाटही पाहू नये. औषध जितके प्रभावी झाले, तितके वेळेवर ओळखणाऱ्या नजरेचे मोल वाढले आहे. आणि ही नजर आज कमी होते आहे. ताराबाई पार्क किंवा राजारामपुरीतल्या सदनिकेत मुले पुण्या-बंगळुरात असलेले म्हातारे जोडपे राहते. दोघांना एकदम ताप आला, की त्यांची स्थिती १९१८ च्या खेड्यातल्या घरापेक्षा फार वेगळी नसते.

करोनाच्या साथीत, सप्टेंबर २०२० मध्ये, राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली आणि आशा कार्यकर्त्या तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरल्या. मानमोडीत जे नव्हते ते हेच: घराबाहेरून आलेली, मोजमाप करू शकणारी नजर, जी धाप लागण्याआधीच प्राणवायू घसरल्याचे सांगते. करवीर तालुक्यातल्या वाड्यांपासून चंदगडच्या टोकापर्यंत हे काम झाले. ते करणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका होत्या, त्यांना पगार नव्हता, मानधन होते, आणि दिवसभराची घरांची नोंद संपवून संध्याकाळी त्या आपल्या घरी परतत तेव्हा चूल पेटवायचे काम त्यांचेच असे.